बाकड्यांचा पेला

आमच्या खोलीला कायम गोंदाचा वास असायचा. सकाळी पार्सलवाला साड्यांचं गाठोडं दारात टाकून जायचा आणि आई दिवसभर त्या साड्यांवर खडे चिकटवत बसायची. सुरतच्या लिंबायतमध्ये आमच्या गल्लीत घरटी हेच काम. बोटांवर वाळलेला गोंद ती संध्याकाळी ब्लेडने खरवडायची. गोंदाबरोबर कातडीही निघायची. वडील लूमच्या खात्यात होते. तिथल्या संच्यांच्या, म्हणजे मागांच्या, आवाजाने त्यांचे कान गेले, मग काम गेलं, आणि कामामागे बोलणंही गेलं. ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. मी साड्यांच्या ढिगाला टेकून अभ्यास करायचे. साडीला शाईचा डाग पडला तर मजुरी कापली जाईल म्हणून आई घरात पेन वापरू द्यायची नाही. माझा घरचा सगळा अभ्यास पेन्सिलीने झाला.

हे आधी सांगते, कारण उधन्याच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत अजूनही म्हणतात की या पोरीला शांतवन मास्तरांनी घडवलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मी बी.कॉम. झाले ते आईच्या बोटांच्या कातडीवर. मास्तरांनी मला शिकवलं हे खरं. फुकट शिकवलं असं ते चारचौघांत सांगायचे, ते खरं नाही. मी त्यांच्या ओट्यावर बसून गणितं सोडवायचे तेव्हा माझी आई मागच्या मोरीत त्यांची भांडी घासत असायची.

मास्तर उधन्याच्या एका मराठी शाळेतून निवृत्त झालेले. तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती, आणि ही तिसरी पिढी ते दर दोन वाक्यांनंतर सांगत. सुरतच्या मे महिन्यात, पंखे गरम हवा फेकत असताना, हा माणूस टाय लावून उपासनेला येई. बसण्याआधी बाकड्यावर घडी केलेला रुमाल पसरी आणि टायच्या टोकाने चष्मा पुसी. कोणी वाकून सलाम केला की हनुवटी जेमतेम बोटभर खाली आणत. त्याहून खाली ती हनुवटी आलेली मी पुष्कळ वर्षं पाहिली नाही.

अहिराणीचा त्यांना राग. आम्ही मुलं देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, अंगणात 'कथी जाई ऱ्हायनी' म्हणालो की मागून आवाज यायचा, "कुठे जात आहेस. म्हण." आम्ही म्हणायचो. एकदा दगडूभाऊ, म्हणजे आमच्याच गल्लीतले लूमवाले, त्यांना म्हणाले की मास्तर, देवाला आमची बोली कळते. मास्तर शांतपणे म्हणाले, "देवाला चालत असेल. मला चालत नाही." लोक हसले. दगडूभाऊही हसले. असं आम्ही फार हसायचो त्या काळात.

प्रार्थना मात्र मास्तरांनीच करावी. आवाज खर्जातला, शब्द घासून लख्ख केलेले. शेवट ठरलेला, "प्रभू, आमचे डोळे उघड." हे म्हणताना त्यांचा एक डोळा उघडाच असायचा, मागे सतरंजीवर कोण कुजबुजतंय ते बघायला.

सतरंजीवर आम्ही असायचो. पुढे बाकडी होती, ती जुन्या घराण्यांची. मागे सतरंजी, ती लिंबायतहून आलेल्या आमच्यासारख्या नव्या विश्वासणाऱ्यांची. वडिलांच्या आजारपणात शेजारच्या बाईबरोबर आई प्रार्थनेला गेली, तिथे तिला कोणीतरी नावाने हाक मारून बस म्हणालं, आणि ती बसली ती कायमची. बाप्तिस्म्याच्या वेळी मास्तरांनी तिला सुचवलं की सुमन हे नाव बदल, सुसान्ना घे. आई म्हणाली, "देवले मी सुमन म्हनीसनच सापडनू." नाव तेच राहिलं. मास्तरांनी तेव्हा चष्मा पुसला होता.

पाण्यात जात धुतली जाते असं आम्हाला शिकवलेलं. पाण्यात धुतली गेली असेल, बाकड्यावर नव्हती गेली. आणि मास्तरांचे आजोबा खानदेशातल्या कुठल्या वस्तीतून उठून मिशनच्या शाळेत गेले होते, ते मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. आमची आणि त्यांची वस्ती एकच होती. ते फक्त आमच्या आधी निघाले होते.

प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला, पेलेही दोन होते. दोन्ही पितळी, दोन्ही सारखे. एक बाकड्यांवर फिरायचा, एक सतरंजीवर. गर्दी असते म्हणून, असं कारण सांगत. पण पावसाळ्यात निम्मी माणसं यायची नाहीत तेव्हाही पेले दोनच. रस मात्र एकाच पातेल्यातला, आणि ते पातेलं मास्तरांच्या घरचं. मनुका भिजवायच्या, कुस्करायच्या, लवंग घालून उकळायच्या आणि मलमलीतून गाळायच्या. तो मान मास्तरांच्या बायकोचा, रूथबाईंचा. मास्तर पहिला घोट घेऊन पेला पुढे देत आणि उपासना सुटल्यावर अंगणात म्हणत, "आमच्या रूथच्या हाताला देवानेच दिलंय." दर वेळी हेच वाक्य. रूथबाई पदरात हात लपवून नुसत्या हसायच्या.

रूथबाई गेल्या. सज्जन बाई. माझ्या परीक्षेच्या सकाळी ओट्यावर दूध आणून देणारी त्या घरातली तीच. त्यांच्या मागे रस कोण करणार हा प्रश्न आला, तेव्हा आमच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, परस्पर सांगून टाकलं की सुमनबाई करतील. पाळकसाहेब तरुण होते, बाहेरगावाहून नुकते आलेले. बाकड्यांवरचं राजकारण त्यांना अजून कळलं नव्हतं, किंवा कळूनही त्यांनी ते केलं. मी त्यांना कधी विचारलं नाही. आईने घरातला गोंदाचा डबा बाहेर ठेवला, फरशी धुतली, नवं पातेलं आणलं आणि रस केला. उपासनेला जाताना रिक्षात ते मांडीवर धरून ती लहान मुलासारखी ताठ बसली होती.

त्या रविवारी पेले फिरले. मास्तरांनी बाकड्यांचा पेला ओठांना लावला, मान मागे केली, पुढे दिला. पुढच्याने तेच केलं. त्याच्या पुढच्यानेही. सगळं नेहमीसारखं दिसत होतं. उपासना संपल्यावर पेले धुवायला आई आणि मी मागच्या नळावर गेलो. सतरंजीचा पेला कोरडा होता. बाकड्यांचा पेला काठोकाठ भरलेला होता.

एकाने तोंड फिरवलं असतं तर कळलंही नसतं. पण प्रत्येकाला वाटलं की आपण एकटेच नाटक करतोय. कोणीच प्यायलं नाही, म्हणून सगळे पकडले गेले.

आई म्हणाली, "भरेलना भरेल शे." एवढंच. मग तिने तो रस नळाखाली ओतला नाही. माझ्याकडे पाठ करून, उभ्या उभ्या, सगळा पिऊन टाकला आणि पेला घासायला घेतला.

मी गप्प बसणारी नाही. मंडळीच्या पंचांच्या सभेत उभी राहिले आणि विचारलं, की रस कडू होता का. बाकडी एकमेकांकडे बघायला लागली. कोणी म्हणालं आरोग्याचा प्रश्न आहे, कोणी म्हणालं यापुढे बाटलीतला रस आणू, म्हणजे वादच नको. मी मास्तरांकडे वळून म्हटलं की पहिला पेला तुमच्या हातात होता, तुम्ही सांगा. मास्तर म्हणाले, "माझ्या घरात दुःख आहे. रूथच्या जागी दुसऱ्याच्या हातचं मला उतरलं नाही. बस पोरी. शिकलीस, आता थोडं नमायलाही शीक."

दुःख होतं, मान्य. पण त्यांच्यामागच्या बाकड्यांवर बसलेल्या कुणाची बायको मेली नव्हती. आणि नमायला शीक हे मला ज्याने सांगितलं, त्याची हनुवटी सांगतानासुद्धा वरच होती.

लिंबायतची माणसं उठली ती परत आली नाहीत. दगडूभाऊंनी लेस-पट्टीच्या एका गोडाऊनवरची खोली घेतली आणि तिथे वेगळी प्रार्थना सुरू झाली. मीही तिकडे जाऊ लागले. आई गेली नाही. रिकाम्या सतरंजीवर ती एकटी बसायची, समोर बाकडी भरलेली. बाटलीतला रस तिच्यापर्यंत आला की ती हात जोडून नको म्हणायची. मी विचारलं की अपमान झाला तिथेच जाऊन बसतेस, आणि बसतेस तर घेत का नाहीस. तिचं म्हणणं साधं होतं. कोणाच्या मनात आपल्याबद्दल काही असेल तर आधी त्याच्याशी नीट करावं आणि मग प्रभूच्या मेजाकडे यावं, असं तिला बाप्तिस्म्याआधी शिकवलं होतं. शिकवलं होतं मास्तरांनीच. मी म्हटलं, मग त्यांनी यावं, चूक त्यांची. आई म्हणाली, "त्यासना मनमा मनाबद्दल काहीतरी शे. मंग जावानं मालेच पडी."

मला इतका संताप आला की मी जेवले नाही. ज्याने थुंकायचं त्याने थुंकायचं, आणि ज्याच्यावर थुंकी पडली त्यानेच समजूत घालायला जायचं. याला नम्रता म्हणतात? मंडळीत ही नम्रता नेहमी सतरंजीच्याच वाट्याला का येते? हे मी तिला विचारलं आणि आज तुम्हालाही विचारते. आईने भिजवलेल्या मनुकांचा डबा पिशवीत घेतला आणि चपला घातल्या. मी मागोमाग गेले, ती एकटी तिथे उभी राहू नये म्हणून.

शनिवारची दुपार होती. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन. मास्तर ओट्यावर टाय न लावता बसले होते. बायको गेल्यापासून शर्टाची कॉलर मळलेली असायची. आईने सलाम केला आणि म्हणाली की मास्तर, बाईंच्या पातेल्यात, तुमच्याच घरात, तुमच्यासमोर रस करते. तुम्ही बघा. तुमच्या मनाला आलं तर उद्या न्या, नाही तर बाटलीतला आहेच. मास्तर उठून आत वळले. मला वाटतं, आई चुकेल आणि मग विषय संपेल, असा त्यांचा हिशोब असावा. तसं नसेल तर देव मला क्षमा करो, पण मला तसंच वाटलं.

स्वयंपाकघरात मास्तर दाराशी स्टुलावर बसले, परीक्षा घ्यायला बसावं तसे. मनुका आईने घरून भिजवूनच आणल्या होत्या. तिने त्या कुस्करल्या, पातेलं गॅसवर चढवलं. मास्तर म्हणाले की लवंगा आणि गाळायचं फडकं कुठे असतं ते मला ठाऊक नाही, ते रूथलाच ठाऊक.

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत आईचा हात तांदळाच्या डब्यामागे गेला होता. तिथून तिने मलमलीची घडी काढली. मग वरच्या फळीवर, चहाच्या बरणीच्या आड, न बघता हात घातला आणि पितळेची डबी घेतली. डबीत लवंगा होत्या. गॅसचं एक बटण अडकायचं, ते तिने तळव्याने दाबून फिरवलं. पातेल्याला एक कान नव्हता. ती बाजू तिने आधीच भिंतीकडे केली होती.

मी दारात उभी होते. मलाही हे तेव्हाच कळलं. मास्तर त्या हातांकडे बघत होते. गोंदाने पांढरी पडलेली बोटं त्यांच्या घरात अशी फिरत होती जसं कोणी अंधारात आपल्या घरात फिरतं.

"सुमन," ते म्हणाले, "कधीपासून?"

आई गाळता गाळता थांबली. "बाईंचे बोटं वाकले तवापासून."

म्हणजे मी ओट्यावर गणितं सोडवत होते ती सगळी वर्षं. भांडी घासून झाली की शनिवारी आई रूथबाईंच्या शेजारी उभी राहून रस करायची, आणि रूथबाई दुखरी बोटं पदरात गुंडाळून बाजूला बसायच्या. रविवारी मास्तर बायकोच्या हाताचं कौतुक करायचे, तेव्हा त्या हात लपवून हसायच्या ते उगीच नव्हतं.

मास्तरांनी विचारलं की मला का नाही सांगितलं. त्या दिवशी पेला भरलेला परत आला तेव्हा तरी का नाही. आई म्हणाली की बाईंना शब्द दिला होता. बाई म्हणायच्या, 'मास्तरांना माझ्याच हातचा लागतो, माझे हात गेले हे कळलं तर त्यांना सोसणार नाही.' "मेलेल्या माणसाला दिलेला शब्द कसा मोडू, मास्तर?"

मला मात्र राहवलं नाही. म्हटलं, "मास्तर, इतकी वर्षं प्यायलात. आता काय करणार, ओकणार?"

"उगी ऱ्हाय," आई माझ्यावर ओरडली. माझ्यावर. त्यांच्यावर नाही.

मास्तरांनी चष्मा काढला. पुसायला टाय नव्हता, तो तसाच हातात राहिला. मान इतकी खाली गेली की मला त्यांच्या डोक्याचा मधला टक्कल पडलेला भाग पहिल्यांदा दिसला.

प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी आमच्यात तयारीची उपासना असते. त्या संध्याकाळी आईबरोबर मीही सतरंजीवर होते. मास्तरांनी प्रार्थनेला सुरुवात केली, शब्द नेहमीचेच होते, आणि शेवटाशी, "प्रभू, आमचे" इथे ते थांबले. पुढचं आलंच नाही. मग डोळे उघडून ते वळले आणि बाकड्यांना म्हणाले, "पेला मी प्यायलो नव्हतो. सगळ्यांत आधी मीच न पिता पुढे दिला. आणि जो रस मी वर्षानुवर्षं माझ्या बायकोचा म्हणून प्यायलो, तो या सुमनबाईंच्या हातचा होता. मला दुःखामुळे उतरला नाही असं मी सभेत सांगितलं. ते खोटं होतं. मला ती कोण आहे त्यामुळे उतरला नाही." मग ते सतरंजीपाशी आले आणि त्यांनी आईसमोर हात जोडले. आई गडबडून उभी राहिली आणि पदर सावरायला लागली. पुढे आणखी तीन-चार जणांनी उठून आपापलं सांगितलं. काहींनी सांगितलं नाही. ते कोण, हे मला चांगलं आठवतं.

उपासना सुटली तसे मास्तर रिक्षात बसले आणि लिंबायतला, गोडाऊनवरच्या खोलीत आले. टाय लावून. मी शेवटच्या गीताआधीच निघून तिथे पोचले होते आणि जमलेल्यांना सगळं सांगून टाकलं होतं. खोलीत खुर्ची होती, कोणी दिली नाही. दगडूभाऊ म्हणाले, "या मास्तर. बाकडं आणलं का बरोबर?" लोक हसले. या वेळी मास्तर हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. भिंतीला हात धरून हळूहळू जमिनीवर बसले. टाय गुडघ्यात अडकला, तो सोडवला. बराच वेळ शब्द जुळवत राहिले. त्यांची ती लख्ख मराठी कुठे गेली होती कोण जाणे. शेवटी म्हणाले,

"मी चुकनू. चाला घर."

ज्या माणसाने आयुष्यभर आमच्या तोंडातून ही बोली खरवडून काढली, ती त्याच्या तोंडात होतीच. त्यांच्या आजोबांची होती. दगडूभाऊंनी खाली बघत विचारलं की पेले किती असतील. मास्तर म्हणाले, एक.

सगळे लगेच नाही आले. काही आजही आलेले नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही.

माझा राग मात्र पुढे वेगळाच झाला. बघता बघता ही गोष्ट मास्तरांच्या नम्रतेची गोष्ट झाली. पाहुणे पाळक आले की व्यासपीठावरून सांगायचे, बघा, केवढा मोठा माणूस आणि कसा वाकला. चूक कबूल करणाऱ्याचं कौतुक झालं. जिने भरलेला पेला पाठ फिरवून पिऊन टाकला, तिचं नाव त्या गोष्टीत 'एक गरीब बहीण' एवढंच. एकदा असंच चाललेलं असताना मास्तर सतरंजीवरून उठायला लागले. उठवेना, म्हणून माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि भर उपासनेत पाहुण्यांना थांबवून म्हणाले की तिचं नाव सुमन आहे, ते घ्या. पाहुणे गोंधळले. आणि मी, जिने त्यांना क्षमा करायची नाही असं ठरवलं होतं, तिने खांदा काढून घेतला नाही. त्याहून जास्त माझ्याकडून अजून झालेलं नाही. आईची गोष्ट वेगळी. ती दर शनिवारी त्यांना भाजी नेऊन देत असे.

शेवटचं त्यांना पाहिलं ते प्रभुभोजनाच्याच रविवारी. भिंतीशी ओढलेल्या बाकड्यांवर आता फक्त गुडघे गेलेली म्हातारी माणसं बसतात, घराणं कोणतंही असो. मास्तरांचे गुडघे केव्हाच गेले होते, पण ते बाकड्यावर बसायला तयार नव्हते. सतरंजीवर, सगळ्यांच्या शेवटी, रुमाल न पसरता बसले होते. पेला सगळ्यांकडून फिरत त्यांच्यापर्यंत आला. हात थरथरत होते म्हणून आईने खालून पेल्याला बोटं लावली. त्यांनी तळाशी राहिलेलं सगळं प्यायलं, मान मागे करून, अगदी थेंबापर्यंत. मग पेला पांढऱ्या कापडावर पालथा घातला आणि जाड भिंगांतून मला शोधू लागले. मी समोरच होते. सापडले तेव्हा त्यांनी हनुवटी खाली केली, छातीला लागेपर्यंत. पुढचा महिना त्यांनी पाहिला नाही.

उधन्याच्या आमच्या मंडळीत आता पेला एकच आहे. रस आई करते, रूथबाईंच्या पातेल्यात. पेला धुवायला आजही आम्ही दोघीच नळावर जातो. तो रिकामा परत येतो.